सगळे पाण्याखाली, तेव्हा बोटीवर कोण?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही पुण्यातले आठ मित्रमैत्रिणी, सगळे तिशी-पस्तिशीतले. चौघांचा स्कुबा डाइव्हिंगचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला, आणि चौघांचा ॲडव्हान्स्ड, म्हणजे पुढचा कोर्स झाला आहे. फेब्रुवारीत अंदमानात हॅवलॉकला जाऊन चार दिवस फक्त आमच्यासाठी बोट ठरवायची आहे. दोन बोटी समोर आहेत. एक मोठी, पांढरी, फायबरची. वर सावली, गाद्या, टॉयलेट, जेवणाची सोय. दुसरी लाकडी डुंगी, दिसायला साधी, पण तिच्यावरची माणसं जुनी आहेत असं कळलं. फोटो पाहून सगळ्यांचा कल पहिलीकडे आहे. काय बघून ठरवावं? आणि प्रथमोपचाराच्या पेटीत काय काय न्यावं? आमच्यातला एक जण डॉक्टर आहे, त्यामुळे ती बाजू तो सांभाळेल.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. डॉक्टर मित्रही डाइव्ह करायलाच चालले आहेत ना? मग काही बिघडायची शक्यता ज्या पाऊण तासात सर्वांत जास्त, त्या पाऊण तासात ते स्वतः खाली असतील. मदतीची गरज त्यांनाच लागली तर? म्हणून बोटवाल्याला माझा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, इंजिनाचाही नसतो. सगळे पाण्याखाली असताना बोटीवर कोण कोण थांबतं आणि त्यांना काय काय येतं, हे मी आधी विचारते.

मी मालवणची, घर मासेमारीतलं. पुढे अंदमानात डाइव्ह बोटींवर काम केलं आणि आता परत येऊन इथे शिकवते. चांगल्या बोटीवर वर किमान तिघे असावेत असं माझं ठाम मत आहे. सुकाणूवर तांडेल, बुडबुड्यांवर नजर ठेवणारा खलाशी, आणि ऑक्सिजन द्यायला, रेडिओवर बोलायला शिकलेला, पाण्यात न उतरणारा एक कोरडा माणूस. कित्येकदा हा तिसरा माणूसच गाईड म्हणून पाण्यात उतरतो आणि वर उरतात दोघे. ‘आमच्या पोरांना सगळं येतं’ असं उत्तर आलं, तर त्या पोरांशीच फोनवर बोलायला मागा. संकटाच्या वेळी रेडिओवर काय सांगशील, एवढंच विचारा. जागा, बोटीचं नाव, काय झालं, किती माणसं, हे ज्याच्या तोंडून न अडखळता येतं, त्याने ते कधीतरी केलेलं असतं. तिसरा माणूस मिळतच नसेल, तर तुम्ही आठ जण आहात. प्रत्येक डाइव्हला एक जोडी वर थांबा. चार दिवसांत प्रत्येकाच्या दोन-तीन डाइव्ह कमी होतील. मी तुमच्यात असते तर हाच सौदा केला असता.

आता ऑक्सिजन. ‘आहे का?’ असं विचारलं, तर सगळे ‘आहे’ म्हणतात. ‘किती लिटर?’ असं विचारा. खालून वर आल्यावर सांधे दुखू लागले, हातापायाला मुंग्या आल्या, ताकद गेली, चक्कर आली, लघवी अडली, अंगावर जाळीदार जांभळट चट्टे उठले, तर रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजनचे बुडबुडे झाले असावेत असंच धरायचं. बहुतेक वेळा ही लक्षणं पहिल्या काही तासांत दिसतात. अशा माणसाला सपाट झोपवून, पिशवीच्या नॉन-रिब्रीदर मास्कने मिनिटाला १५ लिटर या वेगाने शुद्ध ऑक्सिजन द्यायचा असतो. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेला बी-टाइप सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा. म्हणजे शंभर मिनिटं. जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलसारख्या जागा हॅवलॉकहून बोटीने दीड-दोन तासांवर आहेत. म्हणजे जेट्टी गाठेपर्यंत, कदाचित त्याआधीच, सिलिंडर संपला. शिवाय जोडीने डाइव्ह करणारे दोघे सारखेच खोल गेलेले आणि सारखाच वेळ थांबलेले असतात, त्यामुळे एकाला त्रास झाला तर दुसऱ्यावरही लक्ष ठेवावं लागतं. दोन भरलेले बी-टाइप सिलिंडर ही माझी किमान अट. घरचा पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर या कामाचा नाही. आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या बाबतीत फसवतं. रीडिंग ९८ आलं म्हणून बुडबुडे नाहीत असं होत नाही. कोविडने आपल्याला त्या आकड्यावर विश्वास ठेवायला शिकवलं, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

पहिल्या सकाळी बोट सुटण्याआधी सिलिंडर स्वतः उघडून बघा. गेज किती दाखवतं, किल्ली सिलिंडरलाच बांधलेली आहे की कुठल्या तरी डब्यात, मास्क बसतो का. हाताला तेल किंवा ग्रीस असेल तर व्हॉल्व्हला हात लावू नका, ऑक्सिजनशी तेलाचं वैर आहे. सिलिंडर इंजिनाजवळ ठेवला असेल तर हलवायला लावा.

तुमच्या दोन बोटींचं म्हणाल, तर मी डुंगी घेतली असती. कारण सांगते. पांढऱ्या बोटीची बाजू पाण्यापासून किती उंच आहे ते फोटोत बघा. बेशुद्ध पडलेला ऐंशी किलोचा माणूस, ओला वेटसूट, खाली हलणारी लाट, आणि उभी शिडी. त्या शिडीवरून तो वर येत नाही. डुंगीची बाजू बुटकी असते, दोन माणसं खांद्याखाली हात घालून ओढून घेतात. मोठ्या बोटीला मागे पाण्यालगत प्लॅटफॉर्म असेल तर माझा आक्षेप मागे घेते, पण ते विचारून घ्या. डुंगीचीही दुबळी बाजू आहे. बहुधा एकच इंजिन असतं. ते बंद पडलं तर दुसरी कोणती बोट किती वेळात पोचेल, हे त्यांनी नावानिशी सांगायला हवं. लाइफ जॅकेट माणशी एक, त्यात बोटीवरचे लोकही धरून. व्हीएचएफ रेडिओ चालू आणि सोळा नंबरच्या चॅनेलवर. मोबाइलची रेंज बाहेर समुद्रात भरवशाची नाही. मच्छीमारांकडे असतं तसं ‘डॅट’ हे संकटाचा संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाला पाठवणारं यंत्र असेल, तर फारच चांगलं. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४, तो आठही फोनमध्ये घालून ठेवा.

डाइव्हच्या हवेच्या बाटल्या बोटीवरच भरत असतील तर कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते बघा. डिझेलचा धूर त्या बाजूला जात असेल तर कार्बन मोनॉक्साइड बाटलीत जातो, आणि त्याला वास नसतो. धुराचा, तेलाचा वास आलाच तर ती बाटली घेऊ नका, तांडेल कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला तरी.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं काढून एक सराव कराच. तुमच्यातला सर्वांत वजनदार माणूस पाण्यात बेशुद्ध पडल्याचं सोंग करेल. त्याला वर घ्यायचं, सामान उतरवायचं, मास्क लावायचा, रेडिओवर संदेश म्हणून दाखवायचा, आणि कोणी काय केलं ते लिहून ठेवायचं. कधी वर आला, किती खोल होता, ऑक्सिजन किती वाजता सुरू केला, हा कागद आणि त्याचा खोली-वेळ नोंदवणारा डाइव्ह कम्प्युटर डॉक्टरांपर्यंत त्याच्याबरोबर गेला पाहिजे. हा सराव करायला खळखळ करणारा बोटवाला मला तरी नको.

मोजणी आकड्यांनी करू नका, नावाने करा, आणि ज्याचं नाव त्यानेच ओ द्यायची. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन दांपत्य पाण्यातच राहिलं आणि बोट निघून आली. मोजणी चुकली होती. ते मागे राहिले हे दोन दिवसांनी लक्षात आलं. दोघे कधीच सापडले नाहीत. त्यानंतर क्वीन्सलंडने डाइव्ह बोटींवरच्या मोजणीचे आणि नोंदींचे नियम कडक केले. म्हणून प्रत्येकाकडे पाण्यावर तरंगून आपली जागा दाखवणारा, फुगवायचा नारिंगी फुगा (एसएमबी) आणि शिट्टी हवीच. तो खालून सोडायचा सराव इथे आपल्याकडे पोहण्याच्या तलावात करून जा. करंटमध्ये, म्हणजे समुद्राच्या ओढीत, तो पहिल्यांदा उघडायची वेळ येऊ नये.

करंटवरून आठवलं, तारखा तिथी बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी जोरात धावतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी त्या मानाने सुस्त. आमच्याकडचे मच्छीमार हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बघतात, तुम्हीही बघू शकता. आणि तुमच्यातले चौघे ओपन वॉटरवाले आहेत, त्यांची मर्यादा १८ मीटर. जॉनीज गॉर्ज पंचवीस-तीस मीटरची जागा आहे, करंटही असतो. ‘आलोच आहोत तर सगळे जाऊ’ हे बोटीवर फार सहज बोललं जातं. कोण कुठे जाणार नाही, ते पुण्यातच ठरवून निघा.

त्रास झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, तेही आधी माहीत हवं. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण दाबकक्ष, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, नाही. तो पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) नौदलाच्या आयएनएचएस धन्वंतरी रुग्णालयात. फेरीने तिथे जायला दीड ते अडीच तास लागतात आणि संध्याकाळनंतर फेऱ्या नसतात. म्हणजे दुपारच्या डाइव्हनंतर त्रास सुरू झाला तर शेवटची फेरी चुकू शकते. हा हिशेब तुमच्या डाइव्ह सेंटरने तुमच्यासमोर मांडायला हवा. रात्री कोणाला फोन करणार, हलवायचं कसं, चेंबर सध्या चालू आहे का. म्हणूनच खोल डाइव्ह सकाळची पहिली ठेवा. शहरांत हल्ली त्वचेसाठी, ताजेपणासाठी म्हणून ‘हायपरबॅरिक’ कापडी चेंबरवाली क्लिनिकं निघाली आहेत, त्यांचा इथे उपयोग नाही. या आजारात रुग्णाला साधारण १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली नेऊन ऑक्सिजन देतात आणि एक उपचार पावणेपाच तास चालतो. ते मऊ कक्ष या दाबाच्या आसपासही जात नाहीत.

दोन गोष्टी कधीच करू नका. त्रास होतोय म्हणून त्याला परत पाण्यात खाली नेऊ नका. आणि ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळू नका. वेदनाशामक गोळी देऊन ‘बघू सकाळी’ हे मी फार ऐकलं आहे. त्यात वेळ जातो आणि मज्जारज्जूची इजा कायमची राहू शकते.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास जाऊ द्या, तुमचे चार दिवस डाइव्ह आहेत म्हणून मी २४ सांगेन. तो दिवस सेल्युलर जेलला द्या. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढून बेळगावमार्गे पुण्याला निघणारे गट मी पाहते, त्यांनाही हेच लागू. बेळगाव समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे, रक्तातल्या नायट्रोजनला विमान काय आणि घाट काय.

पेटीचं राहिलं. ऑक्सिजन आणि मास्क ही खरी पेटी. बाकी जखमेची सामग्री, कात्री, पाणी आणि क्षारांची पाकिटं, जेलीफिशसाठी व्हिनेगर, सिंहमासा किंवा दगडमाशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवता यावा म्हणून गरम पाण्याचा थर्मास. विमा काढताना ‘साहसी खेळ वगळून’ ही ओळ शोधा. बहुतेक प्रवास विम्यांत ती असते. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, डाइव्हर्ससाठी वेगळा विमा देतं आणि रात्री-बेरात्री फोनवर डॉक्टरही.

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जायचंय. मुलगा बारा वर्षांचा, त्याला स्कुबा करायचाच आहे. यजमानांना दमा आहे, अधूनमधून पंप घेतात, पण त्यांनाही उतरायचं आहे. मागच्या वेळी किनाऱ्यावरच्या एका एजंटने सांगितलं की फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा, कोणी बघत नाही. आम्ही तेव्हा परत आलो. आता काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : परत आलात, फार चांगलं केलंत. तो फॉर्म एजंटसाठी नसतो. पाण्याखाली तुमच्या यजमानांना धाप लागली, तर शेजारच्या प्रशिक्षकाला कशाची शंका घ्यायची हे त्या फॉर्मवरूनच कळतं. दम्यात फुफ्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते. दहा मीटरवरून वर येताना हवेचं आकारमान दुप्पट होतं. अडकलेली हवा फुगून फुफ्फुस फाटू शकतं, आणि असं अगदी दीड मीटर पाण्यातही घडलेलं आहे. तेव्हा त्यांनी छातीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून लेखी परवानगी आणावी. ती मिळाली नाही तर त्यांनी बोटीवर थांबावं. मुलाला उतरता येईल. दहा वर्षांवरच्या मुलांना उथळ पाण्यात, एका मुलामागे एक प्रशिक्षक असेल तर हरकत नाही. पण त्याला त्या दिवशी सर्दी नसावी. गोळी देऊन नाक मोकळं करू नका, पाण्याखाली असतानाच औषधाचा असर ओसरला तर कान अडकतो. कान मोकळे करणं आणि ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हे दोन्ही कमरेइतक्या पाण्यात त्याच्याकडून करून घेतल्याशिवाय कोणी त्याला पुढे नेत असेल, तर तिथेच थांबवा. आई म्हणून तुमचा तो हक्क आहे, आणि चांगला प्रशिक्षक त्यावर रागावत नाही.

येतानाच्या प्रवासाकडे लोकांचं लक्ष नसतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ येऊन उलटली, दोघांचा जीव गेला. ती बातमी इथे आम्हा सगळ्यांना आतून हलवून गेली. बोटीवर किती माणसं बसवायची परवानगी आहे ते विचारा, त्याहून जास्त बसवली तर उतरा. लाइफ जॅकेट जाताना, येताना, किनारा दिसत असला तरी अंगावरच.

आणि एक गोष्ट, जी आपल्या किनाऱ्यावर अजून चुकीची केली जाते. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबत बसू नका, उलटं धरून गरगर फिरवू नका. फुफ्फुसांत गेलेलं पाणी असं निघत नाही. पोटातलं अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, आणि १०८ येईपर्यंत थांबू नका. हृदयविकाराच्या झटक्यात आधी छाती दाबतात. बुडालेल्याचं शरीर प्राणवायूसाठी तडफडत असतं, म्हणून इथे श्वास आधी.

प्रश्न : मी दुबईत नोकरी करतो. मित्रांबरोबर इजिप्तला लाल समुद्रात आठवडाभर बोटीवरच राहून डाइव्ह करायचा बेत आहे. सॅटेलाइटवर संदेश पाठवणारं छोटं यंत्र नुकतंच घेतलं आहे. आणखी काय तयारी हवी? नंतर तेच यंत्र घेऊन लक्षद्वीपला जायचा विचार आहे.
– एक वाचक, दुबई

उत्तर : राहण्याच्या बोटीवर मला पाण्याखालपेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ ही डाइव्ह बोट पहाटे पेटली. खालच्या झोपायच्या खोलीतले सगळे, एकूण ३४ जण गेले. त्यांत महाराष्ट्राशी नातं असलेलं एक तरुण दांपत्यही होतं. खालून वर यायच्या दोन वाटा होत्या, पण दोन्ही एकाच दालनात उघडत होत्या, आणि आग तिथेच होती. रात्री फिरता पहारा नव्हता, हे चौकशीत मुख्य कारण ठरलं. लाल समुद्रात जून २०२३ मध्ये ‘हरिकेन’ बोटीला आग लागून तिघे गेले, नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सी स्टोरी’ पहाटे उलटली. तिथल्या अपघातांनंतर ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेने पर्यटकांसाठी सावधगिरीची सूचनाही काढली.

तेव्हा पैसे भरण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारा. रात्रभर जागा पहारेकरी कोण असतो? आणि खालच्या केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठे उघडते? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी बोट बघा, सवलत कितीही मोठी असो. जमेल तर मुख्य डेकवरची केबिन घ्या. पहिल्या संध्याकाळी, सगळे चहा घेत असताना, आपल्या बिछान्यापासून दुसऱ्या वाटेने डोळे मिटून वर जाऊन या. झडप कुलूपबंद किंवा गादीखाली दडलेली निघाली तर तिथल्या तिथे कॅप्टनला सांगा. कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये किंवा रात्री चार्जिंगला लावू नका, मित्रांनाही लावू देऊ नका. उशाशी टॉर्च आणि लाइफ जॅकेट ठेवा. डाइव्हनंतर वाइन-बिअरचे ग्लास भरले जातात, तेव्हा पाणी प्या.

आणि ते यंत्र भारतात आणू नका. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तशी संदेशयंत्रं बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळांवर परदेशी पर्यटकांना त्यावरून अटकही झाली आहे. लक्षद्वीपला जाताना ते दुबईलाच ठेवा आणि बोटीवर व्हीएचएफ आणि डॅट आहे का ते तिथल्या डाइव्ह सेंटरला आधी विचारून घ्या.